कुलूप कोणत्या थराला?

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर कूटबद्ध असावा की नसावा, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. बँकेचा व्यवहार, वैद्यकीय अहवाल किंवा दोन माणसांमधील खासगी संभाषण वाटेत तिसऱ्याला वाचता येऊ नये, हे बहुतेकांना मान्य असते. वाद उरला आहे तो जागेचा. पाठवणाऱ्याच्या हातून सुटलेला मजकूर घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत अनेक यंत्रांतून आणि त्या प्रत्येक यंत्रातील अनेक थरांतून जातो, आणि त्याला यांपैकी नेमक्या कोणत्या ठिकाणी कुलूप घातले जाते व कोणत्या ठिकाणी ते उघडले जाते, यावर त्या कुलपाचा उपयोग अवलंबून असतो. मजकूर किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात बदलण्याची ही क्रिया, म्हणजे कूटबद्धीकरण किंवा एन्क्रिप्शन, गणिताच्या दृष्टीने कितीही भक्कम असली, तरी ती चुकीच्या थरावर बसवली तर ज्याच्यापासून मजकूर राखायचा त्याच्याच पुढ्यात तो उघडा पडतो.

जाळ्याचे सारे काम एकाच आज्ञावलीने करायचे ठरवले, तर ती लिहिणे अवघड आणि दुरुस्त करणे त्याहून अवघड होईल. म्हणून ते काम उतरंडीतल्या मडक्यांप्रमाणे एकावर एक रचलेल्या थरांत वाटून दिलेले असते. सर्वांत खालचा थर एका यंत्राचे संकेत तारेतून, काचतंतूतून किंवा हवेतून लगतच्या यंत्रापर्यंत पोहोचवतो. वायफाय, इथरनेट आणि मोबाइलचा रेडिओ-दुवा हे या थराचे परिचित नमुने होत. त्याच्या वर इंटरनेट प्रोटोकॉलचा, म्हणजे आयपीचा, थर असतो. मजकुराचे लहान लहान तुकडे, ज्यांना पॅकेट म्हणतात, पत्त्याप्रमाणे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पुढे सरकवणे हे त्याचे काम, आणि ते करणाऱ्या वाटेवरच्या यंत्रांना राउटर म्हणतात. आयपीच्या वरचा टीसीपी हा थर हरवलेली पॅकेटे पुन्हा मागवतो व आलेली क्रमाने लावतो, आणि सर्वांत वर ज्याच्याशी माणसाचा प्रत्यक्ष संबंध येतो ते उपयोजन असते, मग तो ब्राउझर असो, ईमेल असो किंवा पैसे पाठवण्याचे अ‍ॅप असो. प्रत्येक थर वरून आलेला ऐवज उघडून न पाहता घेतो, त्याच्या माथ्यावर स्वतःच्या कामापुरती माहिती, म्हणजे हेडर, जोडतो आणि तो खाली सोपवतो. पलीकडच्या यंत्रात हीच क्रिया उलट क्रमाने होते. वाटेतला राउटर मात्र तो ऐवज आयपीच्या थरापर्यंतच वर चढवतो, पत्ता वाचतो आणि पुन्हा खाली उतरवून पुढच्या दुव्यावर सोडतो. या चढउताराकडे लक्ष दिले की मूळ नियम आपोआप हाती लागतो: ज्या थरावर कुलूप घातले त्याच थरावर ते पलीकडे उघडते, आणि तो थर वाटेत जितक्या यंत्रांत उकलला जातो तितक्या यंत्रांत किल्ली असावी लागते.

अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर आढळते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९८४ मध्ये जाळ्याचा सात थरांचा आदर्श आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यातील सहावा, सादरीकरणाचा थर मजकुराचे रूप बदलण्यासाठी राखून ठेवला. कूटबद्धीकरण हाही एक रूपबदलच असल्यामुळे ते तेथेच बसते, असे परीक्षेत लिहिले की गुण मिळतात. हे उत्तर दिशाभूल करणारे आहे. त्याच संघटनेने १९८९ मध्ये आराखड्याला जोडलेल्या सुरक्षाविषयक भागात पाचवा थर वगळता बाकीच्या थरांवर कोणती ना कोणती सुरक्षा-सेवा देता येईल असे नमूद केले होते, आणि प्रत्यक्षातल्या इंटरनेटमध्ये तर सहावा थर स्वतंत्रपणे कधी उभाच राहिला नाही. थराचा क्रमांक सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण मुळात वाटेवरच्या कोणत्या यंत्रावर आणि ते चालवणाऱ्या कोणत्या माणसांवर भरवसा ठेवायचा, हे त्यात ठरवायचे असते.

हे जवळून पाहायचे तर दुकानात यूपीआयने चुकते केलेले साठ रुपये पुरेसे आहेत. ग्राहक क्यूआर संकेत टिपतो, रक्कम भरतो, आणि मग पडद्यावर चार किंवा सहा आकडी पिन मागणारे पान उघडते. हे पान ग्राहकाने निवडलेल्या अ‍ॅपचे आहे असे वाटते, पण ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने पुरवलेल्या एका स्वतंत्र आज्ञावलीचे असते, जी प्रत्येक यूपीआय अ‍ॅपमध्ये बसवावीच लागते. पिन या आज्ञावलीच्या आतच कूटबद्ध होतो, त्यामुळे ज्या अ‍ॅपच्या पडद्यावर तो टंकला गेला त्या अ‍ॅपला आणि त्याच्या सर्व्हरलाही तो वाचता येत नाही. कूटबद्ध पिन पोटात घेतलेला व्यवहाराचा संदेश नंतर टीएलएस या दुसऱ्या कुलपात जातो, ज्याविषयी पुढे सविस्तर येईल. तो संदेश घरच्या वायफायवरून निघाला तर राउटरपर्यंत वायफायचे तिसरे कुलूप त्याच्यावर चढते, आणि मोबाइल जाळ्यावरून निघाला तर मनोऱ्यापर्यंत रेडिओ-दुव्याचे. मनोऱ्यावर किंवा राउटरवर बाहेरचे कुलूप निघते, अ‍ॅपच्या सर्व्हरवर टीएलएसचे निघते, आणि तेथे रक्कम व घेणाऱ्याचा पत्ता वाचला जातो; पिन मात्र तेथेही बंदच राहून पुढे जातो. एकाच व्यवहारात तीन कुलपे असूनही त्यांतले एकही अनाठायी नाही, कारण प्रत्येकाचे टोक वेगळ्या ठिकाणी आहे.

एटीएमच्या जगात ही शिस्त त्याहून जुनी आहे. एटीएमच्या आकड्यांच्या पाटीतच पिन कूटबद्ध होतो, यंत्रातल्या संगणकाला तो उघडा मिळत नाही, आणि एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे जाताना त्याला एका किल्लीतून काढून दुसऱ्या किल्लीत घालण्याचे काम विशेष सुरक्षित पेटीच्या आत होते, जी फोडण्याचा प्रयत्न झाल्यास आपल्या किल्ल्या पुसून टाकते. तार कूटबद्ध आहे, एवढ्यावर बँकांनी कधी समाधान मानले नाही. तारेच्या टोकाला बसलेल्या यंत्रापुढे संदेश उघडा होणार, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

सर्वांत खालच्या थरावरील कुलपाचा मोह मात्र नेहमी मोठा असतो, कारण ते एकदा बसवले की वरच्या सर्व उपयोजनांना त्याचा लाभ आपसूक मिळतो आणि कोणालाही आपली आज्ञावली बदलावी लागत नाही. १९९७ च्या वायफाय मानकातील पहिल्या कुलपाचे नाव वेप होते आणि त्या नावाचा अर्थच 'तारेइतकी गोपनीयता' असा होता. हवेतून जाणारा संदेश तारेतून जाणाऱ्या संदेशाइतका खासगी असावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. ती अपेक्षाही फोल ठरली. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी या पद्धतीतील किल्ली कशी काढता येते हे दाखवले, आणि २००७ पर्यंत हे काम एका मिनिटाच्या आत होऊ लागले. नंतरच्या डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ या पद्धती पुष्कळ भक्कम आहेत, तरी त्यांची मर्यादा तीच आहे: त्या फोनपासून राउटरपर्यंतच राखण करतात. उपाहारगृहातील वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला असतो आणि राउटर तेथील मालकाचा असतो, मग त्या कुलपाने मालकापासून काय लपणार?

मोबाइलवर येणारा ओटीपी हे याच मर्यादेचे अधिक गंभीर उदाहरण आहे. लघुसंदेश हवेतून जाताना कूटबद्ध असतो, पण कंपनीच्या जाळ्यात शिरल्यावर तो उघडा होतो आणि एका कंपनीकडून दुसरीकडे तसाच जातो, तोही एसएस-७ या जुन्या संकेतव्यवस्थेच्या भरवशावर, जी जगभरच्या दूरध्वनी कंपन्या एकमेकींवर विश्वास ठेवतील असे गृहीत धरून आखली गेली होती. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी याच व्यवस्थेतून ग्राहकांचे संदेश आपल्याकडे वळवून घेतले आणि बँकेचे सांकेतिक आकडे वापरून खाती रिकामी केली. रेडिओचे कुलूप त्यासाठी कोणी तोडले नव्हते. ज्या ठिकाणी ते आपणहून उघडते त्याच्या पलीकडे चोर उभे होते.

या साऱ्या अनुभवामागचे तत्त्व एका निबंधात अत्यंत स्पष्टपणे मांडले गेले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांचा हा निबंध १९८१ मध्ये एका परिषदेत वाचला गेला आणि १९८४ मध्ये विस्ताराने छापला गेला. जे काम पूर्णपणे व अचूकपणे फक्त दोन टोकांवरच्या उपयोजनांनाच करता येते, ते मधल्या जाळ्यावर सोपवून भागत नाही, असे त्याचे म्हणणे, आणि त्यासाठी त्यांनी दिलेला दाखला आजही विचार करायला लावतो. त्यांच्या संस्थेत अनेक स्थानिक जाळी दुवा-संगणकांनी जोडलेली होती आणि प्रत्येक दुव्यावर पॅकेट शाबूत पोहोचले की नाही याची तपासणी होत असे, म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यांनी जाळे बिनचूक आहे असे गृहीत धरले. त्यांतील एका दुवा-संगणकात अधूनमधून दोष उद्भवत असे. आलेला मजकूर निघणाऱ्या कप्प्यात उतरवताना, सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा, लगतच्या दोन बाइटांची अदलाबदल होई. येणाऱ्या दुव्यावरची तपासणी बिनचूक, जाणाऱ्या दुव्यावरची तपासणीही बिनचूक, आणि बिघाड या दोन तपासण्यांच्या मधल्या जागेत. एका संगणकप्रणालीचे मूळ लेखन त्या यंत्रातून वारंवार ये-जा करीत राहिले आणि नासत गेले. शेवटी जुन्या छापील प्रतींशी ओळ ओळ ताडून ते हाताने दुरुस्त करावे लागले.

याच तर्काने ते गोपनीयतेकडे वळतात. कूटबद्धीकरण जाळ्यावर सोपवले तर किल्ल्या सांभाळण्याच्या बाबतीत जाळ्यावर विश्वास टाकावा लागतो. पलीकडच्या यंत्रात पोहोचलेला मजकूर उपयोजनाच्या हाती पडण्याआधी उघडा होतो. आणि मजकूर खरोखर त्याच माणसाकडून आला की नाही हे उपयोजनाला पुन्हा तपासावेच लागते. मग टोकाचे कुलूप घातलेलेच असेल तर मधल्याची गरज काय, असे ते विचारतात. त्यांच्या निबंधातील पुढची सूक्ष्म नोंद मात्र बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटते. एखाद्या संस्थेला आपल्या यंत्रातून कोणताही मजकूर, चुकून वा मुद्दाम, उघडा बाहेर जाऊच नये असे वाटत असेल, तर तिच्यासाठी जाळ्याच्या पातळीवरचे सक्तीचे कूटबद्धीकरण उपयोगाचे आहे, असे ते मान्य करतात; पण तेथे हेतू वेगळा असतो. एकात वापरणाऱ्याची राखण होते, दुसऱ्यात संस्थेची. सैन्यदलांची जाळी आणि कार्यालयांची व्हीपीएन व्यवस्था या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

दुव्यांच्या मधल्या जागेतील धोका काय असतो, हे पुढे एका साध्या रेखाचित्राने जगाला दाखवले. एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांतील हे चित्र वॉशिंग्टन पोस्टने ३० ऑक्टोबर २०१३ रोजी छापले. कागदावर हाताने काढलेले दोन ढग आहेत. एकावर सार्वजनिक इंटरनेट आणि दुसऱ्यावर गुगलचे अंतर्गत जाळे असे लिहिले आहे, दोहोंच्या मध्ये गुगलचा दर्शनी सर्व्हर दाखवणारा चौकोन आहे, आणि त्याकडे बाण काढून 'एसएसएल येथे चढवले व उतरवले जाते' अशा अर्थाचा शेरा आहे, शेजारी हसरा चेहरा. लाखो लोकांच्या ब्राउझरपासून त्या चौकोनापर्यंतचे कुलूप भक्कम होते. चौकोनाच्या आत ते निघत असे आणि त्यानंतर एका माहितीकेंद्रातून दुसऱ्या माहितीकेंद्रात जाणारा मजकूर कंपनीच्या स्वतःच्या काचतंतूंवरून उघडा धावत असे. ब्रिटन आणि अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांनी नेमके तेच तंतू गाठले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपल्या केंद्रांमधल्या तारांवरही कूटबद्धीकरण घाईने पुरे केले, आणि इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने मे २०१४ मध्ये, सर्वव्यापी पाळत हा जाळ्यावरील हल्लाच समजून प्रोटोकॉल आखावेत, अशी भूमिका लेखी जाहीर केली.

येथे ज्या एसएसएलचा उल्लेख आला, त्याची जागा मोठी विलक्षण आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंटरनेट सुरक्षित करण्याच्या दोन वाटा जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. आयपीच्या थरावर कुलूप बसवणाऱ्या आयपीसेकची पहिली प्रस्तावित मानके ऑगस्ट १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी नेटस्केप कंपनीच्या ब्राउझरमधून एसएसएल लोकांपर्यंत पोहोचले, जे १९९९ पासून टीएलएस या नावाने ओळखले जाते. तत्त्वतः आयपीसेकचा दावा मोठा होता. आयपी सर्व उपयोजनांच्या खाली असल्याने तेथे एकदा कुलूप बसले की वरचे सारे इंटरनेट सुरक्षित होणार होते, आणि पत्त्यांच्या नव्या पिढीत, म्हणजे आयपीव्ही-६ मध्ये, ते प्रत्येक यंत्रात असणे सक्तीचेही ठरवले गेले होते. २०११ मध्ये ती सक्ती शिफारशीवर आली. कारणे पाहण्यासारखी आहेत. आयपीचा थर संगणकप्रणालीच्या गाभ्यात असतो, त्यामुळे तो बदलायला प्रणाली बनवणाऱ्यांची वाट पाहावी लागते. तो थर यंत्राला ओळखतो, माणसाला किंवा संकेतस्थळाला ओळखत नाही. त्यामुळे 'हे पॅकेट कूटबद्ध आले आहे' एवढे कळूनही ब्राउझरला आपण खरोखर त्या बँकेशीच बोलतो आहोत की नाही हे कळत नाही. त्यात घरोघरचे राउटर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे लपवण्यासाठी पॅकेटवरचे पत्ते बदलू लागले होते. आयपीसेकच्या एका प्रकारात पत्त्यांवरही मोहोर असल्याने ती मोहोर मोडे, आणि दुसऱ्या प्रकारात बदलासाठी लागणारे आकडे कुलपात दडलेले असल्याने राउटर गोंधळे. २००५ मध्ये यावर मार्ग काढावा लागला तो आयपीसेकचे पॅकेट आणखी एका साध्या वेष्टनात गुंडाळून.

टीएलएसने यातला कोणताही झगडा केला नाही. नावात 'वाहतूक-थर' असूनही ते त्या थराच्या वर, टीसीपी आणि उपयोजन यांच्या मधल्या फटीत बसते, ज्या फटीसाठी इंटरनेटच्या मूळ रचनेत धड जागाच नव्हती. ते ब्राउझरबरोबर एका सामान्य आज्ञावलीच्या रूपाने येते, प्रणालीच्या गाभ्याला हात लावत नाही, वाटेतल्या राउटरांना पत्ते बदलू देते, आणि प्रमाणपत्राच्या साहाय्याने पलीकडे कोण आहे हे संकेतस्थळाच्या नावानिशी तपासते. आयपीसेक संपले असे नाही. दोन कार्यालयांची जाळी जोडायला ते आजही विश्वासू आहे, आणि त्याच थरावर काम करणारे, चार हजारांहून कमी ओळींत मावणारे वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाले. पण सामान्य नागरिकाच्या दैनंदिन व्यवहारांची राखण टीएलएसने केली, आणि २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने मोफत प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केल्यावर लहानसहान संकेतस्थळांनाही ते परवडू लागले.

तरीही टीएलएस ज्या टीसीपीवर उभे आहे तो उघडाच राहतो, आणि मजकूर वाचता न येताही त्या उघडेपणाचा गैरफायदा घेता येतो. टीसीपीत संभाषण तोडण्याची एक खूण असते. वाटेतल्या कोणीही ती खोटी तयार करून दोन्ही बाजूंना पाठवली, तर दोघांनाही पलीकडच्याने बोलणे संपवले असे वाटते. २००७ मध्ये अमेरिकेतील एक मोठी इंटरनेट कंपनी आपल्या ग्राहकांची फायलींची देवाणघेवाण अशाच खोट्या खुणांनी तोडत असल्याचे उघड झाले होते. खोलीचे दार भक्कम असले तरी ज्या जिन्यावरून तेथे जायचे तो कोणीही काढून घेऊ शकतो, अशी ही स्थिती होती. दुसरी अडचण सावकाश येणारी, पण अधिक खोल होती. टीसीपीचे हेडर आणि टीएलएसचे सुरुवातीचे संदेशही उघडे असल्याने वाटेतल्या यंत्रांना ते वाचायची सवय लागली, आणि त्यात जरा काही नवे दिसले की ती पॅकेट टाकून देऊ लागली, इतकी की २०१८ मध्ये टीएलएसची १.३ ही आवृत्ती आली तेव्हा ती वाटेत अडू नये म्हणून तिला जुन्या १.२ चा वेष चढवून पाठवावे लागले. आजही तिच्या पहिल्या संदेशात जुन्या आवृत्तीचाच क्रमांक लिहिलेला असतो.

यावर क्विक या नव्या प्रोटोकॉलने, ज्याचे मानक मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, वाहतुकीचा थर आणि कूटबद्धीकरण यांची एकमेकांत वीण घातली. क्विकमध्ये पॅकेटांचे क्रमांकसुद्धा कूटबद्ध असतात, त्यामुळे वाटेतल्या यंत्राला वाचायला, बदलायला किंवा खोटे करायला जवळजवळ काहीच उरत नाही. जाळी चालवणाऱ्या कंपन्यांना मात्र आपल्या वाटेवर पॅकेटांना किती विलंब होतो हे मोजायचे असते, आणि हेडर बंद झाल्यावर ते मोजायचे कसे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यासाठी एकच बिट, शून्य किंवा एक एवढीच किंमत असलेला, उघडा ठेवावा का, यावर आयईटीएफमध्ये दीर्घ चर्चा झाली. एका बिटातून बाहेरच्याला काय काय कळू शकते याचा कीस काढल्यावर तो बिट ऐच्छिक म्हणून ठेवण्यात आला. संदेश जाऊन उत्तर येण्याच्या प्रत्येक फेरीला तो पालटतो आणि बघणाऱ्याला फेरीचा काळ तेवढा कळतो. कोणाला काय दिसावे याचा विचार इतक्या बारकाईने झालेला पाहून समाधान वाटते, कारण एरवी ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येण्याआधीच ठरून गेलेली असते.

कुलूप जसजसे वर सरकते तसतशी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी माणसाच्या जवळ येते. ईमेलचे उदाहरण यासाठी बोलके आहे. एका डाकसर्व्हरपासून दुसऱ्यापर्यंत ईमेल आज बहुधा कूटबद्ध जाते, पण प्रत्येक सर्व्हरवर ते उघडे होते. ते दोन माणसांमध्येच बंद राहावे यासाठी फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे साधन लोकांना दिले. तत्त्वाने ते निर्दोष होते, पण किल्ल्या तयार करणे, त्या एकमेकांना देणे आणि खऱ्या आहेत हे पडताळणे वापरणाऱ्यावर सोडल्यामुळे ते जाणकारांपुरतेच राहिले. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये दोन टोकांमधले कूटबद्धीकरण सर्वांसाठी पूर्ण केले, तेव्हा किल्ल्यांचे सारे काम फोनने परस्पर केले आणि कोट्यवधी लोकांना ते न शिकता मिळाले. तेथेही थराचा नियम सुटला नाही. संभाषणाची प्रत मेघसाठ्यात ठेवली की ती त्या कुलपाबाहेर पडत असे, आणि त्या प्रतीलाही तसेच कुलूप घालण्याची ऐच्छिक सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. मधली साडेपाच वर्षे अनेकांचा समज मात्र सारे बंदिस्त आहे असाच होता.

उलट दिशेची एक प्रथा कार्यालयांत रूढ आहे. संस्था आपल्या संगणकांत स्वतःचे प्रमाणपत्र बसवते, आणि मग वाटेतली तपासणी-पेटी प्रत्येक टीएलएस संभाषण उघडून, वाचून, पुन्हा बंद करून पुढे पाठवते. व्हायरस आणि माहितीगळती रोखणे हा तिचा हेतू असतो आणि तो खोटा नसतो. पण ब्राउझर कर्मचाऱ्याला कुलपाचे चिन्ह दाखवत राहतो आणि पलीकडे बँकेलाही आपण थेट ग्राहकाशी बोलतो आहोत असेच वाटते; दोन्ही टोकांना न सांगता मध्ये तिसरे टोक उभे राहिलेले असते. ज्याची पत्रे अशी उघडली जातात त्याला निदान तसे स्पष्ट सांगितले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

वरचे कुलूप कितीही उत्तम असले तरी खालच्या थराचे हेडर त्याच्या बाहेरच राहते, आणि कोण कोणाशी केव्हा बोलले हे त्यातून दिसते. राउटरला पत्ता वाचावाच लागतो, म्हणून तो त्याच्यापासून लपवता येत नाही. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता विचारणारे डीएनएसचे प्रश्न पूर्वी उघडे जात; ते कूटबद्ध नेण्याची एक पद्धत ऑक्टोबर २०१८ मध्ये मानक झाली. टीएलएसच्या पहिल्या संदेशात संकेतस्थळाचे नाव उघडे असते. तेही झाकणारी पद्धत आता ब्राउझरांत येऊ लागली आहे. व्हीपीएन घेतले तर इंटरनेट पुरवठादाराला दिसणारे सारे व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसू लागते, म्हणजे साक्षीदार तेवढा बदलतो. पत्तेसुद्धा विखरून टाकायचे असतील तर टॉरसारखी व्यवस्था लागते. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत तिची मूळ कल्पना घडली आणि २००२ पासून ती सर्वांना खुली झाली. तिच्यात संदेशावर कांद्यासारखी तीन वेष्टने चढतात, तीन वेगवेगळी यंत्रे एकेक वेष्टन सोलतात, आणि पहिल्याला फक्त पाठवणारा, तर शेवटच्याला फक्त पोहोचण्याचे ठिकाण कळते.

शेवटचे वेष्टन सोलल्यावर मात्र आत जे असेल ते त्या तिसऱ्या यंत्रापुढे येते. २००७ मध्ये स्वीडनमधील डॅन एगरस्टाड या सुरक्षातज्ज्ञाने अशी काही शेवटची यंत्रे स्वतः चालवली आणि त्यांच्यातून जाणारी वाहतूक नोंदवली. तिच्यात अनेक देशांच्या दूतावासांच्या, त्यांत भारतीय दूतावासांच्याही, ईमेल खात्यांची नावे व पासवर्ड होते, आणि त्यांतले शंभर त्याने इंटरनेटवर प्रसिद्ध केले. ती खाती स्वतः अधिकारी वापरत होते की त्यांत आधीच शिरलेले कोणी हेर, याविषयी नंतर बराच तर्क झाला. पासवर्ड मात्र उघडे होते, कारण त्या डाकसर्व्हरांशी चाललेल्या बोलण्यावर टीएलएसचे कुलूपच नव्हते, आणि टॉरने आपल्या वाट्याचे काम, म्हणजे ते बोलणे कोठून आले हे लपवणे, चोख केले होते.